छोट्या बाथरूमसाठी फरशीखालचं हीटिंग की टॉवेल रेल?

सांजसावली

नमस्कार. बाथरूमच्या फरशीखालून खालच्या घरात पाझर जातोय, त्यामुळे सगळं उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं ठरलं आहे. टाइल निघणारच आहेत, तर थंडीचा प्रश्नही याच कामात कायमचा सोडवावा असं वाटतंय.

बाथरूम १.८ मीटर बाय २.२ मीटर, उंची २.४. एक लांब भिंत बाहेरची, साधी नऊ इंची विटेची. तिच्यात एकेरी काचेची छोटी खिडकी. वर-खाली राहती घरं आहेत. सध्या तापवायला काहीच नाही. गेल्या थंडीत एकदा सकाळी फरशीवर थर्मामीटर टेकवून पाहिला तर ११ अंश! आई पंचाहत्तरीची आहे. ती दारात एक जुना टॉवेल चौपदरी घडी करून टाकते, त्यावर उभी राहते आणि पायानेच तो पुढे सरकवत बेसिनपर्यंत जाते. ओल्या टाइलवरून घसरणारा तो टॉवेल पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो.

दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, टाइलखाली विजेची हीटिंग मॅट. दोन, भिंतीवर विजेने तापणारी टॉवेल रेल. दोन्ही नको, एकच काहीतरी करावं असं घरच्यांचं म्हणणं. ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

गवतफूल

मॅट. डोळे झाकून मॅट. आमच्याकडे सहा वर्षं आहे. न्हाऊन बाहेर आलं की उबदार फरशीवर पाय टेकतो, ते सुख दुसऱ्या कशात नाही. शिवाय फरशी अर्ध्या तासात कोरडी होते, म्हणजे आईंच्या घसरण्याची काळजीही कमी.

दवबिंदू

मी टॉवेल रेलवाली. भिंतीवर दोन स्क्रू, एक पॉइंट, काम संपलं. बिघडली तर काढून दुसरी लावता येते. फरशीखाली काही बिघडलं तर काय करणार? ओला टॉवेल वाळतो हा तर वरचा फायदा. दमट दिवसांत टॉवेलला जो कुबट वास येतो तो आमच्याकडे गेलाच.

वीजतंत्री

सांजसावली, दोघींचंही खरं आहे, पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. मॅट पायाचा प्रश्न सोडवते, रेल टॉवेलचा. खोली तापेल का, हा तिसरा प्रश्न. त्याचं उत्तर तुमच्या भिंतीत आहे. तुम्ही मापं दिलीत म्हणून हिशोबच मांडतो.

बाहेर ५ अंश आहे, बाथरूममध्ये २२ हवेत आणि घराच्या बाकी खोल्या १७ वर आहेत, असं धरू. बाहेरची भिंत खिडकी वगळून ४.८ चौरस मीटर. प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला साधारण २ वॅट निघून जातात. फरक १७ अंशांचा. म्हणजे भिंतीतून १६० वॅट. एकेरी काच चौरस मीटरला ५ वॅटच्या आसपास सोडते. तुमची खिडकी अर्धा चौरस मीटर धरली तर आणखी ४० गेले. आतल्या तीन भिंती मिळून १४ चौरस मीटर, त्यांच्या पलीकडे फक्त ५ अंशांनी थंड खोल्या, तरी तिथून १४० जातातच. एक्झॉस्ट फॅन सेकंदाला १५ लिटर हवा ओढत असेल तर त्या जागी दाराखालून घरातली १७ अंशांची हवा येणार. ती तापवायला ९० वॅट. बेरीज ४३० च्या आसपास. तापल्यानंतर उष्णता टिकवायला सतत लागतील ते हे वॅट. गार खोली वर आणायला याहून जास्त लागतील.

आता जमीन किती देते ते पाहा. तुमची जमीन जवळजवळ ४ चौरस मीटर. तीतून शॉवरचा ट्रे, कमोड आणि बेसिनखालचं कपाट वजा करा, कारण जागेला जखडलेल्या वस्तूंखाली केबल घालत नाहीत. तिथे उष्णता कोंडते आणि केबल जळू शकते. भिंतीच्या कडेने पाच सेंटिमीटरची पट्टीही सोडावी लागते. उरतात सव्वादोन-अडीच चौरस मीटर. मॅट कापून लहान करता येत नाही, म्हणून मोकळ्या जागेपेक्षा जरा लहानच घ्यायची. तुम्हाला २ चौरस मीटरची बसेल. चौरस मीटरला १५० वॅटच्या हिशोबाने ३०० वॅट झाले.

पण हे ३०० वॅट खोलीला सतत मिळणार नाहीत, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. ईएन १२६४ या युरोपीय मानकात बाथरूमच्या फरशीच्या पृष्ठभागाला ३३ अंशांची मर्यादा आहे, राहत्या खोल्यांना २९ ची. ३३ अंशांची फरशी २४ अंशांच्या खोलीत चौरस मीटरला १०० वॅट देते. पायाला सुखाची वाटते ती २८ अंशांची फरशी २१ अंशांच्या खोलीत ७५ च्या जवळपास. म्हणजे तुमची जमीन १५० ते २०० वॅट देणार आणि गरज ४३० ची. मॅटवर जास्त वॅटचा आकडा असला की फरशी लवकर तापते, इतकंच. तापली की थर्मोस्टॅट तिला बंद करतो.

थोडक्यात, या बाथरूममध्ये एकट्या मॅटने पाय उबदार होतील आणि खांदे काकडतील.

सांजसावली

बाप रे. इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. जिथे विचारलं तिथे 'चार चौरस मीटर गुणिले दीडशे म्हणजे सहाशे वॅट, भरपूर झालं' असंच उत्तर मिळालं. मी आज टेप घेऊन मोकळी जागा मोजली, २.३ भरली.

मग मॅट सोडून देऊ का?

वीजतंत्री

सोडू नका. आईंचा प्रश्न पायाचाच आहे. टाइल आणि कापसाची चटई एकाच खोलीत, एकाच तापमानाला असतात, तरी टाइल चटका दिल्यासारखी गार लागते, कारण ती तळव्यातली उष्णता भराभर ओढून घेते. चटई ओढत नाही. फरशी २६-२७ अंशांवर आली की ही ओढच संपते, आणि मग खोली २२ ऐवजी २० वर असली तरी माणसाला चालते. उरलेले वॅट दुसरीकडून आणू.

आणि ते आणण्याआधी गळती कमी करा. टाइल निघणारच आहेत, तर बाहेरच्या भिंतीला आतून ३० मि.मी. जाडीचे दाट फोमचे बोर्ड लावून घ्या. ज्यांच्या दोन्ही अंगांना सिमेंटचा थर असतो आणि ज्यांवर थेट टाइल चिकटवता येते, ते. भिंतीतून जाणारे १६० वॅट ६० वर येतात. जागा जाईल तीन-चार सेंटिमीटर. एकदा बसवला की हा शंभर वॅटचा फायदा विजेशिवाय चालू राहतो. फक्त सांधे आणि कडा वॉटरप्रूफ पट्टीने पक्क्या बंद करा. बोर्डामागे दमट हवा शिरली तर गार विटेवर दव धरेल आणि दिसणारही नाही.

पाणकळा

प्लंबिंगमध्ये वीस वर्षं झाली, म्हणून पाण्याच्या बाजूचं सांगतो. घरात बॉयलर किंवा हीट पंपवरचं (बाहेरची उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) रॅडिएटरचं सर्किट असेल तर वीज मधे आणायचं कारण नाही. रॅडिएटरच्या फांदीवरच फरशीखाली १६ मि.मी.ची नळी फिरवायची आणि परतीच्या पाण्यावर आरटीएल व्हॉल्व्ह बसवायचा. परतीचं पाणी ठरवल्यापेक्षा गरम झालं की तो आपोआप बंद होतो. वेगळा पंप नको, मिक्सिंग नको. दोन-अडीच चौरस मीटर जमिनीला १५ मीटर नळी पुरते. पण त्यासाठी कोबा फोडून उंची मिळवावी लागते.

टॉवेल रेल पाण्यावर चालवणार असाल तर पाटीवरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. तो आकडा पाणी जाताना ७५, येताना ६५ आणि खोली २० अंश असतानाचा असतो. हीट पंपचं पाणी ४० च्या आसपास असतं. तिथे ५०० वॅटची पाटी असलेली रेल १५० वॅट देते. गिऱ्हाईक म्हणतं रेल खराब आहे. रेल चांगलीच असते हो, पाणीच कोमट असतं.

सांजसावली

आमच्याकडे पाण्याचं सर्किट नाही, पाणकळा. सगळं विजेवरच. पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला नक्की उपयोग होईल.

जुनंघर

माझा अनुभव सांगतो. माझी चूक तुमच्याकडून होऊ नये एवढीच इच्छा.

मॅट आणली, वायरमनने अंथरून दिली, टेपने चिकटवली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. मी कामावर गेलो होतो. त्याने दातेरी करणीने चिकटवणी ओढली, वर टाइल बसवल्या, ग्राउट भरलं. काम दिसायला देखणं झालं. आठ दिवसांनी वायरमन थर्मोस्टॅट जोडायला आला आणि त्याने मल्टिमीटर लावला. काट्याची हालचाल नाही. केबल तुटलेली. करणीची कड कुठेतरी लागली असणार.

उष्णता दाखवणारा कॅमेराही इथे कामाचा नाही, कारण तुटलेली केबल तापतच नाही. शेवटी तुटल्याची जागा शोधण्याचं खास उपकरण असलेला माणूस मिळाला. त्याने दाखवलेल्या जागी एक टाइल फोडली. खाली केबलवर नखाएवढी जखम होती. दुरुस्तीचा सांधा भरून ती चालू झाली, पण त्या एका टाइलची छटा आजही बाकीच्यांशी जुळत नाही. दाराच्या समोरच आहे, रोज दिसते.

म्हणून तीन वेळा मोजा. खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर, टाइल बसल्यावर लगेच. आणि टाइल बसत असताना मल्टिमीटर लावूनच ठेवा. मिस्त्रीला सांगा, आकडा उडाला की हात थांबव. तेव्हा चिकटवणी ओली असते, टाइल उचलून निघते.

वीजतंत्री

जुनंघर, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. सांजसावली, तुमच्यासाठी आकडाच देऊन ठेवतो. २३० व्होल्टवर ३०० वॅटची केबल म्हणजे २३० चा वर्ग भागिले ३००, साधारण १७६ ओहम. पाटीवर असाच आकडा असेल. त्याच्या दहा टक्के आत आला पाहिजे. आकडा अनंत दाखवला तर केबल तुटली. फारच कमी आला तर आत दोन तारा भिडल्या. पण आतली तार आणि बाहेरचं अर्थिंगचं कवच यांच्यामधलं इन्सुलेशन मल्टिमीटरने कळत नाही, त्याला मेगर, म्हणजे जास्त व्होल्टवर इन्सुलेशन तपासणारं मीटर, लागतो. वायरमनकडे मेगर नसेल तर दुसरा वायरमन बघा, इतकं स्पष्ट सांगतो.

फरशीचा सेन्सर थेट चिकटवणीत गाडू देऊ नका. बारीक नळीत घाला, नळीचं फरशीतलं तोंड टेपने बंद करा, आणि ती केबलच्या दोन ओळींच्या बरोबर मधोमध ठेवा. केबल वर्षानुवर्षं टिकते, आधी जातो तो सेन्सर. नळीत असला तर ओढून काढून नवा सरकवता येतो.

गवतफूल

हा सेन्सरवाला मुद्दा आम्हाला कोणी सांगितला नव्हता! आमचा नळीत आहे की नाही हेही माहीत नाही. सहा वर्षं चाललंय ते नशीबच म्हणायचं.

एक विचारू? आमची फरशी तापायला सुरुवातीपासूनच दोन-अडीच तास लागतात. अर्ध्या तासात कोरडी होते म्हटलं ते तापल्यानंतरचं. हे सगळीकडे असंच असतं का?

वीजतंत्री

नाही. तुमच्या मॅटखाली इन्सुलेशन बोर्ड नसावा. १० मि.मी.ची टाइल आणि तेवढीच चिकटवणी मिळून चौरस मीटरला ४० किलो वजन होतं. ते दहा अंशांनी तापवायला १५० वॅटच्या मॅटला ४० मिनिटं पुरतात. खाली बोर्ड नसेल तर ६० मि.मी. कोबाही सोबत तापतो. तो १२० किलोचा. मग वेळ चौपट. शिवाय खालच्या घराचं छत तापतं ते निराळंच.

पूर्वीच्या रोमन स्नानगृहांत फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे आणि खालून भट्टीची गरम हवा फिरे. ती फरशी इतकी जाड असे की तापायला फार वेळ लागायचा, म्हणून भट्टी विझूच द्यायचे नाहीत. चोवीस तास वापर असेल तर जड जमीन उत्तम. आपण सकाळी तासभर आणि रात्री अर्धा तास वापरतो. आपल्याला हलकी जमीनच हवी. सांजसावली, मॅटखाली किमान ६, जमलं तर १० मि.मी.चा बोर्ड. उंबऱ्याची आणि दाराची उंची आधी मोजून घ्या, आणि जाळीकडे जाणारा ढाळ बोर्डाखालीच तयार असू द्या. केबलवर चिकटवणी कमीजास्त करून ढाळ काढायचा प्रयत्न करू नका.

आडवाट

एवढा खटाटोप कशाला? छताला इन्फ्रारेड पॅनेल लावा. ते हवा न तापवता थेट अंग तापवतं, निम्म्या विजेत काम होतं.

वीजतंत्री

आडवाट, थेट अंग तापवतं हे बरोबर. निम्म्या विजेत, हे बरोबर नाही. मॅट, रेल, पॅनेल, पंख्याचा हीटर, सगळे एका युनिटची एक युनिटच उष्णता करतात. हीट पंप सोडला तर याला अपवाद नाही. फरक पडतो तो उष्णता कुठे मिळते आणि किती वेळ चालू ठेवावं लागतं याने. पॅनेल दोन-चार मिनिटांत अंगाला लागतं म्हणून ते कमी वेळ चालतं आणि वीज वाचते, असं म्हणालात तर मी सहमत. पण पॅनेलखाली डोकं तापतं आणि पाय गारच राहतात. यांच्या घरी पायच महत्त्वाचे आहेत.

आडवाट

मान्य. मी आमच्या अनुभवावरून लिहिलं. आमच्याकडे फरशी लाकडी आहे, ती मुळात एवढी गार लागतच नाही, हे लक्षात घेतलं नव्हतं.

दवबिंदू

टॉवेल रेलबद्दल मीच सुरुवातीला कौतुक केलं, आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. आमची क्रोमची आहे. दिसायला चकचकीत, पण त्याच मापाची पांढरी रेल माझ्या बहिणीकडे आहे आणि ती खोली जास्त तापवते, हे आम्हा दोघींना जाणवलं. दुसरं म्हणजे चार माणसांचे चार टॉवेल टाकले की रेल पूर्ण झाकली जाते. टॉवेल गरम होतात, खोली नाही. आम्ही आता दोनच टॉवेल रेलवर ठेवतो, बाकीचे दाराच्या हुकांना.

पाणकळा

बहिणीचं बरोबर आहे. चकचकीत धातू उष्णता किरणांनी बाहेर टाकायला कंजूष असतो, रंगाचा थर तसा नसतो. क्रोमची रेल पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने कमी देते, कधी त्याहूनही कमी. खोली तापवायची असेल तर रंगवलेली घ्या.

आणखी एक, जिवावरची गोष्ट आहे म्हणून सांगतो. काहीजण पाण्याच्या रेलमध्ये खालून विजेचा एलिमेंटही बसवतात, म्हणजे बॉयलर बंद असेल त्या दिवसांत टॉवेल वाळतात. चांगली सोय आहे. पण एलिमेंट चालू करताना रेलचे दोन्ही व्हॉल्व्ह कधीही बंद करायचे नाहीत. पाणी तापलं की फुगतं, त्याला जायला जागा लागते. एक व्हॉल्व्ह उघडाच हवा. नुसत्या विजेवरच्या बंद रेलमध्ये याच कारणाने वर थोडी हवा सोडलेली असते. ती 'अर्धवट भरलेली' पाहून कोणी काठोकाठ भरायला जाऊ नये.

सांजसावली

सुरक्षेचं विचारायचंच होतं. रेल शॉवरच्या शेजारच्या भिंतीवर येतेय. चालेल का? आणि थर्मोस्टॅट आत लावला तर?

वीजतंत्री

शॉवरच्या ट्रेच्या वरची जागा, जमिनीपासून सव्वादोन मीटर उंचीपर्यंत, आयईसी ६०३६४ या विजेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे झोन १. तिच्या कडेपासून पुढचे ६० सेंटिमीटर झोन २. रेल झोन २ च्या बाहेर जाऊ द्या. तुमच्या खोलीत जागा नसेल तर निदान आयपीएक्स४ दर्जाची (पाण्याचे शिंतोडे सोसणारी), कायमची जोडलेली घ्या. प्लग आणि सॉकेट नको. तिचा स्विच बाथरूमच्या बाहेर. थर्मोस्टॅटही बाहेर, दाराशेजारी. फक्त सेन्सरची नळी आत. मॅट आणि रेल दोन्ही ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीवर (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), अर्थिंग तपासून. आपल्या ठिकाणचे नियम याहून कडक असतील तर ते पाळायचे, आणि हे काम परवानाधारक माणसानेच करायचं.

आईंसाठी एक सूचना. वयामुळे किंवा मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेली असेल तर फरशी २७ च्या वर नेऊ नका. गरम लागतंय हे त्यांना उशिरा कळेल. फरशीवर जाड रबरी पायपुसणंही कायमचं पसरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

हिरवीखिडकी

एक वेगळाच मुद्दा. आमच्या बाथरूममध्ये टॉवेल रेल लावल्यावर बुरशी वाढली! खोली आधीपेक्षा उबदार, तरी खिडकीच्या कोपऱ्यात काळे ठिपके. हे कसं?

वीजतंत्री

गरम हवा जास्त वाफ धरते. १० अंशांच्या घनमीटर हवेत जास्तीत जास्त साडेनऊ ग्रॅम पाणी मावतं, २० अंशांच्या हवेत सतरा. ओले टॉवेल रेलवर वाळले म्हणजे ते पाणी हवेत आलं. बाहेर जायला वाट नसेल तर ते सगळ्यात गार कोपरा शोधतं आणि तिथे बसतं. तुमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे का? अंघोळ झाल्यावर किती वेळ चालतो?

हिरवीखिडकी

फॅन आहे, पण थंडी येते म्हणून बंदच ठेवतो. खिडकी जरा किलकिली ठेवतो.

वीजतंत्री

उलटं करा. खिडकी बंद, फॅन चालू, अंघोळीनंतर वीस-तीस मिनिटं, आणि दाराखाली बोटभर फट. फॅन घरातली कोमट हवा ओढतो. वर सांजसावलींच्या हिशोबात त्याला ९० वॅट लागले. तेवढीच हवा खिडकीतून थेट बाहेरची ५ अंशांची आली तर ३०० वॅट लागतात. त्यातून किलकिल्या खिडकीभोवतीची भिंत कायम गार राहते. तुमचे ठिपके तिथेच आलेत ना?

हिरवीखिडकी

अगदी तिथेच. आजपासून करून पाहते. धन्यवाद.

सांजसावली

तीन महिन्यांनी परत येतेय. इथे एवढ्यांनी वेळ दिला, शेवट सांगितला नाही तर बरं दिसणार नाही.

घरच्यांचं 'एकच काहीतरी' मागे पडलं. बाहेरच्या भिंतीला ३० मि.मी. बोर्ड. खिडकीला दुहेरी काच. जमिनीवर १० मि.मी. बोर्ड, त्यावर २ चौरस मीटरची ३०० वॅटची मॅट. समोरच्या भिंतीवर ४०० वॅटची पांढरी रेल, टायमरवर. दोन्ही मिळून तीन अँपिअर, त्यामुळे वायरिंगवर काही ताण नाही.

अंथरताना मी स्वतः घरी थांबले. मिस्त्री आधी नाराज होता, त्याला वाटलं मी त्याच्या कामावर पाळत ठेवतेय. मग जुनंघर यांची गोष्ट त्याला सांगितली. त्यानंतर दर दोन टाइलनंतर तोच विचारायचा, 'ताई, आकडा आहे ना?' खोक्यातून काढल्यावर १७८, अंथरल्यावर १७८, टाइलनंतर १७७. मेगरचा आकडाही ठीक आला. दातेरी करणीऐवजी त्याने केबलवरचा थर प्लॅस्टिकच्या पट्टीने ओढला, ही युक्ती त्याचीच. चिकटवणी सुकेपर्यंत मॅटला हात लावायचा नाही म्हणून बारा दिवस थांबलो. पाकिटावर सात लिहिले होते, थंडीमुळे आम्ही पाच वाढवले.

कालचे आकडे. बाहेर ६ अंश. मॅट पावणेसहाला चालू झाली, रेल सहाला. साडेसहाला फरशी २६, खोली १४ वरून २०. सव्वासातला रेल बंद, साडेसातला मॅट. रात्रीचा अर्धा तास धरून दिवसाला दीड युनिटच्या आसपास जातं. पहिल्या आठवड्यात रेल चोवीस तास चालू राहिली होती, टायमरचं बटण चुकीच्या बाजूला होतं. तेव्हा एकट्या रेलचे दिवसाला साडेनऊ युनिट जात होते. मीटर पाहून लक्षात आलं. टायमर लावणाऱ्यांनी पहिल्या दिवशी स्वतः उभं राहून तो बंद होतो की नाही ते बघावं.

जुनंघर

वाचून फार बरं वाटलं. ते तीन आकडे आणि मॅटचा फोटो, टाइल बसण्याआधीचा, जपून ठेवा. पुढे कधी कमोड बदलला किंवा दाराला स्टॉपर ठोकायचा झाला तर केबल कुठून गेली आहे ते कळेल.

सांजसावली

फोटो टेप पसरून, मापांसह काढला आहे. छापून थर्मोस्टॅटच्या वरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, आकडे त्यावरच लिहिले.

गवतफूल

आणि आई? चौपदरी टॉवेल?

सांजसावली

पहिले चार दिवस टाकत होती, सवयीने. पाचव्या दिवशी मी दार उघडं असताना पाहिलं. टॉवेल बाजूला रेलवर होता, ती बेसिनसमोर अनवाणी उभी राहून निवांत दात घासत होती. आता तिची एकच तक्रार आहे, दाराबाहेरची फरशी गार लागते.